सिम्हावहिनींचा नवस

अर्धा नारळ खवून झाला होता, अर्धा विळीजवळच होता, तेवढ्यात सिम्हावहिनी दारातून म्हणाल्या, "मिल्का, आणखी दोन नारळ फोड. मंडईतल्या सगळ्यांना पुरायला हवं."

"वहिनी, कुलूप अजून लागलेलंच आहे."

"ठाऊक आहे मला. तू खव."

सिम्हा झिराडकर माझ्या मोठ्या जाऊबाई. सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेली. समोरच्याचं ऐकून घ्यायचं आणि लाइन मात्र सोडायची नाही, ही सवय तिथली. दीर गेले, मुलगा इस्रायलमध्ये अश्दोदला असतो. तो दर शुक्रवारी फोनवर म्हणतो, "आई, आता इकडेच ये." या म्हणतात, "येईन रे, मंगळवारचं काम उरकलं की."

मंगळवारचं काम उन्हाळ्यात सुरू झालं. रास्ता पेठेतल्या आमच्या घरामागच्या मंडईत दुर्गाबाई पालेभाजी विकतात. शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारी रात्रीच्या जेवणाची कोथिंबीर आमच्याकडे त्यांचीच. एका दुपारी वहिनींनी त्यांना कोकम सरबत नेऊन दिलं, तर त्यांनी पेला बाजूला ठेवला.

"प्यायलं की जायचं कुठं बाई? बायकांसाठी मुतारी बांधलीय, पण कुलूप हाय. दोनदा आजारी पडले. डॉक्टर म्हणतात, पाणी पी नाहीतर धंदा सोड."

धंदा सोडला तर घर कशावर चालायचं?

सिनेगॉगच्या आमच्या महिला मंडळात विषय निघाला. आमचं मंडळ म्हणजे सणाच्या करंज्या आणि आजाऱ्याला भेटणं. एस्तेर पेणकर म्हणाल्या, "आपण मूठभर माणसं. तिच्या औषधाला मदत करू. ऑफिसात जाऊन भांडायला कशाला हवंय?"

"आपल्या तोरा ग्रंथात न्यायाच्या मागे लागा म्हटलंय, एस्तेर. औषधाची बाटली द्या आणि गप्प बसा, असं काही मी तरी वाचलं नाही."

झालं. दर मंगळवारी आम्ही चौघी महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातल्या हिंमतराव साहेबांच्या टेबलासमोर. एस्तेरही, नाक मुरडत का होईना, आल्याच.

"आपण भाजी विकता का?" साहेबांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"विकत नाही, घेतो," वहिनी म्हणाल्या. "विकणाऱ्या इथे येऊन बसल्या तर गाळा कोण बघणार? त्यांनीच सांगितलं, तुम्ही जा."

साहेब 'बघतो' म्हणायचे. वहिनी 'बघा हं' म्हणून उठायच्या. शेवटी त्यांनी नवस बोलला, कुलूप उघडलं की एलियाहू हानावीचा, आमच्या नवसाला पावणाऱ्या संदेष्ट्याचा, मलिदा करीन.

आणि गुरुवारी कुलूप उघडलेलं दिसलं. वहिनींनी आत डोकावूनही बघितलं नाही. तडक सिनेगॉगमध्ये जाऊन रविवारचा मलिदा ठरवला, घरोघरी फोन केले. संध्याकाळी दुर्गाबाईंनी सांगितलं की वरून कोणी पाहणीला आले होते, ते गेले आणि कुलूप परत लागलं.

सिनेगॉगात प्रार्थना चालवणाऱ्या आमच्या हझानांकडे, आरोनभाऊंकडे, वहिनी नवस फेडायचा का हे विचारायला गेल्या. मी सोबत होतेच.

"शब्द काय होते तुमचे?" त्यांनी विचारलं.

"कुलूप उघडलं की."

"उघडलं ना? मग नवस फेडायलाच हवा. देवाशी वकिली करता येत नाही, सिम्हाबाई."

आम्ही घरी परतलो. जिन्यात वहिनी थांबल्या आणि हसायलाच लागल्या. "खरंच उघडलं की गं. मग ज्यांनी उघडलं त्यांनाही बोलवायला हवं."

तर असा हा रविवार. घरी प्रार्थना झाली. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, पाच फळं, मधोमध गुलाब आणि सब्जाची डहाळी. ताटं घेऊन आम्ही मंडईमागच्या त्या बंद दारापाशी गेलो. भाजीवाल्या आधीच उभ्या होत्या. हिंमतराव साहेब कडक इस्त्रीत आले.

"साहेब, आपण गुरुवारी कुलूप उघडलंत, त्याचा हा मलिदा," वहिनी म्हणाल्या.

साहेबांनी कुलपाकडे बघितलं, मग ताटाकडे. "बाई, मलिदा घेतला म्हटलं की आमच्याकडे लोक वेगळंच समजतात."

"म्हणून तर सगळ्यांसमोर देतेय."

"आत जाऊन आले असते तर आभार नीट मानले असते," दुर्गाबाई म्हणाल्या, "पण कुलूप हाय."

एस्तेर पदरात हसल्या. साहेबांनी दोन घास खाल्ले, फोन लावला आणि चावी येईपर्यंत तिथेच उभे राहिले. जायला वाट कुठे होती? उघडं ठेवलं तर बघणार कोण, ही त्यांची अडचण निघाली. दुर्गाबाई म्हणाल्या, "आम्ही बघतो. तुमचा सफाईवाला तेवढा रोज पाठवा." साहेबांनी चावी त्यांच्याच हातावर ठेवली आणि सफाईवाल्याला तिथल्या तिथे फोन करून रोजची वेळ सांगितली.

दुर्गाबाईंनी पेलाभर सरबत उभ्याउभ्या संपवलं आणि आणखी मागितलं. एलियाहू हानावीची कृपा, दुसरं काय म्हणू.

वहिनींना रात्री मुलाचा फोन आला. "झालं ना तुझं मंगळवारचं काम?" त्या म्हणाल्या, "हे झालं. पलीकडच्या मंडईतल्या बायकांनी विचारलंय."

दुर्गाबाई संध्याकाळी घरी जातात, फुलवाल्या रात्रीपर्यंत बसतात, त्यामुळे एका चावीने भागणार नाही. दुर्गाबाईंनी जाताना माझ्याकडे दिलेली चावी सध्या ओट्याजवळच्या खिळ्याला आहे. सकाळी मंडई भरायच्या आत चावीवाल्याकडे जाऊन दुसरी करून आणायची आहे.