नुसते ओठ

"तू नुसते ओठ हलव. आवाज काढू नकोस."

संगीताच्या बाई सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या. मी सातवीत होते. शाळेच्या संमेलनातलं समूहगीत. मला पहिल्या रांगेतून काढून मागे खांबाजवळ उभं केलं. पुढे छत्रीबागेच्या चांगल्या वस्तीतल्या बाबूलोकांच्या मुली, चापूनचोपून वेण्या घातलेल्या. बाई त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "चाळीतला आवाज आहे हा. नुसता भोंगा."

मुली हसल्या. मीही हसले. त्या माझ्या हसण्याचा मला अजून राग येतो.

मी मोठ्याने बोलायचे, हे खरं. आई लहानपणीच गेली होती. घरात बाबा आणि मी. हिंदी मुलखातलं आमचं शहर; बाबा तिथल्या कापड मिलच्या विणाई खात्यात. मागांचा खडखडाट ऐकून ऐकून त्यांचे कान गेले होते. ओरडून सांगितलं तरी अर्धं कळायचं, उरलेलं ते ओठांवरून वाचायचे. खात्यातले सगळेच वाचायचे. तिथे समोरच्याकडे तोंड करायचं आणि एकेक शब्द उघडून बोलायचं, हीच रीत. मी तशीच बोलायला शिकले. शाळेत त्याला गावंढळपणा म्हणत.

संमेलनाला बाबा आले. पाळी सुटल्यावर घरी जाऊन, अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून. मी ओठ हलवले. आवाज काढला नाही. परत येताना बाबा खुशीत होते. म्हणाले, "बेटा, सगळ्यात साफ तूच म्हणत होती."

मी मान डोलवली. खरं सांगायचं तर भर रस्त्यात ओरडावं लागलं असतं, की मी तिथे मुकी उभी होते.

त्यानंतर घराबाहेर मी बोलणंच टाकलं. बाईंनी प्रश्न विचारला तर उत्तर येत असून उभी राहायचे. मधल्या सुट्टीत नळापाशी एकटी. मैत्रीण म्हणावी अशी एकही नाही. एकटेपणाची सवय होते म्हणतात. खोटं आहे. माणूस तक्रार करायचं सोडतो, एवढंच.

मग मिल बंद पडली. तिकडे पीथमपूरला नवे कारखाने उघडत होते, पण कान गेलेला, पन्नाशीचा विणकर कोणाला हवा होता? बाबा मिलच्या बंद फाटकावरून परत यायचे आणि ओट्यावर बसून राहायचे. चाळ गप्प झाली. संध्याकाळी दोघं समोरासमोर बसून जेवायचो.

मी अठराची असेन. चाळही मिलचीच; एका सकाळी मिलमालकांचे साहेब चाळीत आले. त्यांना खुर्ची दिली, आमची माणसं खाली जमिनीवर. साहेब मान खाली घालून, रुमालाने तोंड पुसत, हळू आवाजात बोलले. मग वर बघून म्हणाले, "समझ गए ना सब?"

सगळ्यांनी माना डोलवल्या. बाबांनीही.

ती खात्यातली जुनी खोड. ऐकू आलं नाही म्हणावं तर मुकादम मागावरून काढणार. म्हणून कळो न कळो, मान डोलवायची. जन्मभर डोलवलेली मान ती. साहेबाला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तो खाली बघत बोलला.

मी दारात उभी होते. मला सगळं ऐकू आलं होतं. दिवाळीच्या आत खोल्या खाली करायच्या, ज्याला हरकत असेल त्याने आत्ताच बोलावं. साहेब उठले. सोबतच्या माणसाला म्हणाले, "चलो, सबको मंज़ूर है."

मी मध्ये जाऊन उभी राहिले, बाबांकडे तोंड केलं आणि एकेक शब्द उघडून सांगितलं, "खोल्या खाली करायला सांगतायत. दिवाळीच्या आत. आणि तुम्ही हो म्हणालात." मग बाकीच्यांकडे वळून तेच हिंदीत. पार शेवटच्या ओट्यापर्यंत.

माना थांबल्या. एक म्हातारे काका उठले, "हमने हाँ नहीं बोला, साब." बाबाही उठले.

साहेब माझ्यावर खेकसले, "ऐ लड़की, तुझे किसने पूछा? चुप रह."

"चुप नहीं रहूँगी. आप इनकी तरफ मुँह करके बोलो."

एवढंच बोलले. पण माझ्यापाशी काय आहे ते मला त्या सकाळी कळलं. ते कोणत्याही शाळेचं देणं नव्हतं. माझ्या बापाने कान देऊन कमावलेलं होतं ते.

खोल्या वाचल्या नाहीत. काही वर्षं भांडलो, मग एकेक घर उठलं. बाबाही गेले. आता जेवायला मी एकटी असते. चाळीतल्यांच्या मिलकडे थकलेल्या पैशांची सुनावणी मात्र कोर्टात अजून चालू आहे. तारीख असली की मी जाते. पुढे काय बोललं जातंय ते म्हाताऱ्यांना सांगते, आणि त्यांना काय म्हणायचंय ते पुढे सांगते. त्यासाठी मला हाकिमाकडे पाठ करून उभं राहावं लागतं. प्रत्येक नवा बाबू दटावतो, "मॅडम, इधर पीठ नहीं करते."

दटावू दे. ज्यांना ऐकू येतं त्यांच्याकडे पाठच राहील माझी.