परत येण्याची हमी

माझा चेहरा नकार देणाऱ्याचा आहे हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं, आणि तेही वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याकडून.

इथे आखातात, महबूलातल्या आमच्या इमारतीत आमच्या डोक्यावर एक नायजेरियन कुटुंब राहतं. गृहस्थ एका खाजगी शाळेत भौतिकशास्त्र शिकवतात. आवाज असा, की ते वर दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी करायला लागले की खाली आमच्या वरणाला उकळी फुटायला वेळ लागत नाही. मी इंटर्नल ऑडिटर. म्हणजे लोकांनी आणून दिलेल्या कागदांवर विश्वास न ठेवण्याचा पगार घेतो. घरी माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, ते काम बायको विनापगार करते.

एका शुक्रवारी दुपारी हे गृहस्थ मुलीला घेऊन खाली आले. मुलीनं दारातच गुडघ्यात किंचित वाकून नमस्कार केला. ही त्यांची पद्धत. आमची बायको या वाकण्यावर गेली कित्येक वर्षं फिदा आहे. "बघा, बघा," ती मला मराठीत म्हणते, "आपल्याला वाकायला सांगितलं की आपल्या कार्ट्याची कंबर धरायची."

कार्टं म्हणजे आमचा एकुलता एक. तो तीन वर्षांपूर्वी थंडीच्या एका देशात शिकायला गेला. मुलीला त्याच देशात जायचं होतं, पाणी शुद्ध करण्याचं इंजिनिअरिंग शिकायला. प्रवेश मिळाला होता. व्हिसा नाकारला गेला होता.

"ओगा," गृहस्थ म्हणाले. ओगा म्हणजे त्यांच्याकडे साहेब. मला ऑफिसात कुणी साहेब म्हणत नाही, त्यामुळे ही हाक ऐकली की मी निम्मा विरघळतो. "ओगा, पुन्हा अर्ज करतोय. कॉलेजनं जागा जानेवारीपर्यंत धरून ठेवलीय. या वेळीही नाही म्हणाले तर जागा गेली. हिची मुलाखतीची तयारी तुम्ही करून घ्या."

"मी? मला त्यातलं काय कळतं?"

"तुमच्या मुलाला मिळाला की व्हिसा. शिवाय..." ते जरा थांबले. शिक्षक माणूस, शब्द निवडून वापरतो. "शिवाय या इमारतीत नुसता चेहरा बघून अर्ज मागे घ्यावासा वाटेल असे तुम्हीच आहात."

बायको स्वयंपाकघरातून इतकी हसली की तिला ठसका लागला.

नकाराचं पत्र मी वाचलं. सवयीनं दोनदा वाचलं. त्यात लिहिलं होतं की शिक्षण संपल्यावर अर्जदार आमचा देश सोडून परत जाईल याची आमची खात्री पटलेली नाही.

"काय विचारलं होतं त्यांनी?" मी मुलीला विचारलं.

"शिक्षण झाल्यावर कुठे जाणार, असं विचारलं, अंकल."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, परत जाणार."

"आणि?"

तिनं मान खाली घातली. वडिलांनी उत्तर दिलं, "आणि हेच केलं. मान खाली! मोठ्या माणसाच्या डोळ्यांत डोळे घालून बोलायचं नाही, हे मी हिला अठरा वर्षं शिकवलं. त्या माणसाला वाटलं, खोटं बोलतेय."

आमचे आईवडील एवढं शिकवायला बसले असते तर मीही आज सुधारलो असतो, असं मला म्हणायचं होतं, पण बायकोनं चहा आणला.

पुढचे कितीतरी शुक्रवार आमच्या हॉलमध्ये दूतावास भरत होता. मी जेवणाच्या टेबलामागे बसायचो. घरातल्या सदऱ्यावर टाय. खाली लेंगा होता, पण तो टेबलाखाली असल्यामुळे सरकारी कामाला बाधा येत नव्हती. काउंटरची काच हवी म्हणून मुलीच्या वडिलांनी ओव्हनमधली काचेची थाळी उभी धरायची असं सुचवलं. ती सूचना बायकोनं हाणून पाडली. तिच्या ओव्हनच्या थाळीपुढे दूतावास वगैरे काही नाही.

माझ्याकडे मुलाची जुनी फाइल होती. आपल्याकडे बोर्डाच्या परीक्षेला अपेक्षित प्रश्न आणि आदर्श उत्तरं असतात, तसं मी त्याच्यासाठी सगळं टाईप करून दिलं होतं. आम्ही लोक तोंडी परीक्षेलाही पाठ करून जातो. परीक्षकानं मध्येच "कसे आहात?" विचारलं तर गडबडतो, कारण ते पोर्शनमध्ये नसतं. तीच उत्तरं मी मुलीला दिली. तिनं दोन दिवसांत घोटली.

"हाच अभ्यासक्रम का?" मी भुवई उंचावून विचारायचो.

ती घडाघडा सांगायची.

"वर बघ."

ती बघायची, पण माझ्या कपाळाकडे.

"कपाळावर काही लिहिलेलं नाही, डोळ्यांत बघ."

"हो अंकल."

"अंकल नाही. सर."

"हो सर अंकल."

तिचे वडील सोफ्यावर बसून हे सगळं परीक्षेतल्या पर्यवेक्षकासारखं पाहत असायचे. मधूनच त्यांना उकळी फुटायची. "मोठ्यानं बोल! वाघासारखी!" असं ते ओरडले की खालच्या मजल्यावरून पाइप ठोकल्याचा आवाज यायचा.

खरं सांगायचं तर मी थकलो होतो. पाच दिवस ऑफिसात लोकांना "याला पुरावा काय?" विचारायचं आणि सुट्टीच्या दिवशी एका लेकीसारख्या मुलीला तेच विचारायचं. रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, ऑफिसात गेलो की कॅशियरला विचारावंसं वाटायचं, बाबा रे, तू परत येणार का?

मुलाखत अगदी तोंडावर आली तेव्हाची गोष्ट. बायको आत नारळ-मिरचीची चटणी वाटत होती. मी शेवटचा प्रश्न विचारला. "शिक्षण झाल्यावर तुम्ही परत येणार याची खात्री आम्ही कशी बाळगावी?"

मुलीनं फाइलमधलं उत्तर म्हटलं. "माझे आईवडील इथे आहेत. त्यांचं वय होत चाललं आहे. त्यांना माझ्याशिवाय कुणी नाही. त्यांची काळजी घ्यायला मी परत येणार."

उत्तर चोख होतं. मी स्वतः लिहिलेलं. आवाजात योग्य तिथे कंप होता, तोही मीच सुचवलेला. पण हाडाचा ऑडिटर गप्प बसेल तर शपथ. मी टेबलावर बोट आपटलं. "याला पुरावा काय?"

मुलीनं मान वर केली. त्या सगळ्या शुक्रवारांत पहिल्यांदाच तिनं सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"अंकल, हे दादाचं उत्तर आहे ना? तो आला का परत?"

आत मिक्सर थांबला.

तिला टोमणा मारायचा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, उत्तर चालतं की नाही. ती आणि आमचा मुलगा याच इमारतीच्या जिन्यात खेळून मोठी झाली. तो तिला सायकल देत नसे आणि ती त्याच्या डब्यातले पोहे खात असे. तिनं विचारायचं नाही तर कुणी विचारायचं?

तो आला नव्हता. म्हणजे एकदा आला होता, पहिल्या वर्षी. इथला नियम असा की देशाबाहेर सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलं की इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, रद्द होतो. दुसऱ्या वर्षी परीक्षा आणि तिकीट यांचं जमलं नाही आणि परवाना गेला. जन्म इथला, शाळा इथली, आणि परवाना गेला. फोनवर तो म्हणाला, "इट्स ओके, बाबा." मीही ओके म्हणालो. आता पुण्याला त्याच्या नावाचं आधार कार्ड आहे, आणि त्याचा पत्ता म्हणजे माझ्या भावाचा फ्लॅट. तिथे तो आयुष्यात मोजके दिवस राहिलाय, त्यातले निम्मे पोट बिघडून.

हे सगळं दूतावासाच्या अधिकाऱ्यानं सांगायचं नसतं. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "नेक्स्ट."

खोलीत दुसरं कुणी नव्हतंच. सोफ्यावरचे वडील बिचारे गोंधळून उभे राहिले.

बायको पदराला हात पुसत बाहेर आली. "अहो," ती म्हणाली, "तिला दुसरं उत्तर द्या. ते वापरून झालंय."

मी टाय सैल केला. "बरं, मग तूच सांग," मी मुलीला म्हणालो, "तू कुठे परत जाणार?"

"तेच तर मला माहीत नाही, अंकल. बाबा म्हणतात, आजीच्या गावी जमीन आहे ते सांग. मी ती जमीन एकदा पाहिलीय. तिथे एक शेळी माझ्या मागे लागली होती."

"शेळी सांगू नकोस," वडील घाईनं म्हणाले.

"इथे म्हणावं तर इकामा जाणार. आणि..." ती बोलता बोलता थांबली. मग एकदम, फाइलमध्ये नसलेल्या आवाजात म्हणाली, "पण त्यांच्या देशात मी तारखेनंतर राहणार नाही, एवढं मला माहीत आहे. मी जन्मले तिथेही तारीख बघूनच राहते. पासपोर्टवर शिक्का, शिक्क्यावर तारीख. ती संपायच्या आधी बाबा परवान्याच्या ऑफिसात जाऊन उभे राहतात. एकदाही चुकलं नाही. माझं नाही, कुणाचंच नाही. मला दुसऱ्या तऱ्हेनं राहताच येत नाही, अंकल."

बायकोनं तिच्यापुढे इडलीची ताटली ठेवली, कारण अशा वेळी दुसरं काय करायचं हे आम्हाला कुणालाच कळत नाही.

ऑफिसात इतकी वर्षं मी कागद तपासतो. छान उत्तरं खूप ऐकली. पुरावा बरोबर घेऊन आलेलं उत्तर क्वचितच येतं. मी म्हणालो, "तुमचे जुने पासपोर्ट आहेत का?"

"सगळे," वडील म्हणाले. "साखरेच्या डब्यात."

"साखरेच्या?"

"रिकाम्या, ओगा."

ते वर जाऊन घेऊन आले. मुलीच्या अगदी पहिल्या पासपोर्टात गाल फुगवलेलं एक बाळ होतं आणि त्याच्या शेजारी पहिला परवाना. पुढे पानापानावर परवाने, एकाची मुदत संपायच्या आत दुसरा. पुढे चिकटवायचे परवाने बंद झाले आणि नुसती कार्डं आली, तर ती कार्डंही यांनी रबरबँड लावून ठेवलेली. मी तारखा जुळवत गेलो. मला एक फट सापडली नाही. आमच्या कंपनीचे हिशेब असे असते तर माझी नोकरी गेली असती.

मी माझी फाइल मिटली. "हेच घेऊन जा," म्हटलं. "आणि हेच बोल. वाक्यं पाठ करू नकोस."

मुलाखतीच्या दिवशी मी रजा टाकून त्यांना गाडीतून नेलं. आम्हा दोघांना आत सोडलं नाही, तेव्हा आम्ही बाहेर कडक उन्हात गाडीचा एसी लावून बसलो. गृहस्थ प्रार्थना पुटपुटत होते. मी अथर्वशीर्ष सुरू केलं आणि मध्येच अडकलो, तर पुन्हा पहिल्यापासून. त्यांनी एक डोळा उघडून विचारलं, "तुमचंही पाठ नाही?"

ती बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना.

"काय विचारलं?"

"तेच. कुठे जाणार."

"आणि तू?"

"सांगितलं. त्यांनी जुने पासपोर्ट चाळले. पहिल्यातला बाळाचा फोटो बघून हसले."

"आणि डोळ्यांत बघितलंस ना?"

"थोडंसं," ती म्हणाली. "मग खाली बघितलं. ते बाबांपेक्षा मोठे वाटत होते."

व्हिसा आला. कशामुळे आला ते मला माहीत नाही. शिक्क्यांमुळे असेल, फोटोतल्या गालांमुळे असेल, किंवा त्या दिवशी त्या माणसाला घरून डबा चांगला आला असेल. वरच्या मजल्यावर इतका जल्लोष झाला की खालून पाइप ठोकायचं काम आम्ही करायला हवं होतं, पण आम्ही वरच होतो, त्यांचा तिखट लाल भात खात, डोळे पुसत. डोळ्यांतलं पाणी मिरचीचं आहे असं बायको सगळ्यांना सांगत होती.

ती जानेवारीत गेली. निघताना दारात गुडघ्यात वाकली आणि बायकोनं तिला उचलूनच घेतलं.

त्या उन्हाळ्यात तिच्या परीक्षा लांबल्या आणि सहा महिने उलटून गेले. पुढे काय झालं ते सांगायची गरज नाही. वरचा आवाज काही दिवस अगदीच खाली आला होता. वरणाला उकळी वेळेवर फुटत नव्हती.

मग या डिसेंबरसाठी मी आणि ते, दोघे मिळून फरवानिया भागातल्या, सरकारी अर्ज टाईप करून देणाऱ्या दुकानात गेलो. त्यांना त्यांच्या मुलीला आणि मला माझ्या मुलाला आपापल्या घरी बोलवायचं होतं. भेटीच्या व्हिसावर. दुकानातला पोरगा केरळचा, अरबी झरझर टाईप करणारा. त्यानं दोन कागद छापले आणि सहीच्या जागी पेनानं फुल्या मारल्या.

"हे काय आहे?" गृहस्थांनी विचारलं. इतकी वर्षं राहून आम्हा दोघांनाही अरबी वाचता येत नाही.

"हमीपत्र, सर," तो हिंदीत मला म्हणाला, मी इंग्रजीत त्यांना सांगितलं. "तुम्ही हमी देताय की तुमची पाहुणी मुदत संपायच्या आत देश सोडून परत जाईल. नाही गेली तर जबाबदारी तुमची."

गृहस्थ हातात पेन घेऊन नुसते बसून राहिले. मागे रांग होती. पोरगा चुळबुळला. "जाणार ना वेळेवर?" त्यानं विचारलं. "मागे काही लोक राहिले, सगळा त्रास झाला."

मी भाषांतर केलं.

"सांगा त्याला," गृहस्थ म्हणाले, वर्गातल्या नाही, अगदी साध्या आवाजात. "जाईल. तिला सवय आहे."

त्यांनी सही केली. मग पेन माझ्याकडे दिलं. मी सवयीनं कागद दोनदा वाचल्यासारखं केलं, एक अक्षर कळत नसताना, आणि फुलीच्या पुढे सही केली.

गाडीत बसलो तोवर बायकोचा फोन आला. "झालं काम?"

"झालं. सही दिली."

"कशावर?"

"तो परत जाईल यावर."

"बरं," म्हणाली, "येताना जाडे पोहे आणा. ती आली की पहिल्यांदा तेच मागणार."