आडोशानं पोहणारा मासा

वसंता गेल्याचं मला मत्स्यालयाच्या दारावरच्या पहारेकऱ्याकडून कळलं. चर्नी रोडला उतरून सहज आत शिरत होतो, तर तो म्हणाला, "तुमचे मित्र गेले ना... कावीळ झाली होती." चार वर्षांत मी वसंताला भेटलो नव्हतो. तो शीवला राहायचा, आणि गिरगावातून शीव म्हणजे काही विलायत नाही.

आम्ही एकाच चाळीत वाढलो. तो मालवणकडचा, मत्स्यालयात माशांना खाणं घालायच्या नोकरीला. मी कारकून, आणि उरलेला वेळ संयुक्त महाराष्ट्राचा. संध्याकाळी त्याच्याकडे गेलो की तो मला काचेपुढे उभा करायचा. हेकरू मासा दगडाचा रंग घेऊन कपारीत कसा दबा धरतो, हे दाखवताना हा गडी जेवण विसरायचा. पण त्याचा खरा लाडका होता काठीसारखा लांब एक मासा. तो एकटा दिसला की बारकी मासळी पळायची. मग तो शेवाळ खाणाऱ्या एका गलेलठ्ठ माशाच्या पाठीला चिकटून, त्याच्याच चालीनं पोहायचा. त्या जाड्याला कुणी भीत नसे... आणि त्याच्या आडून हा घास घ्यायचा.

त्या दिवसांत आमच्या चळवळीच्या मंडळात नव्यानं आलेला एक गोडबोल्या इसम माझ्याबरोबर सगळीकडे फिरू लागला होता. माझ्या ओळखीवर त्याला प्रत्येक दार उघडायचं. एकदा काचेपुढेच वसंता हळू आवाजात म्हणाला, "रघू, तुझ्या बाजूक कोण फिरता, तां बघ." मला राग आला. आठवडाभरात आमची पत्रकं छापायची खोली पोलिसांनी धरली, दोन कार्यकर्ते आत गेले. आमच्या मंडळाबाहेर ती खोली ठाऊक होती एकट्या वसंताला. मीच बैठकीत त्याचं नाव घेतलं. चाळ त्याच्याशी बोलेनाशी झाली. तो भांडला नाही, फक्त विचारलं, "तूच सांगितलंस?" मी खिडकीबाहेर बघत राहिलो. महिन्याभरात आईला घेऊन तो शीवला राहायला गेला.

पुढे खटला उभा राहिला, आणि सरकारतर्फे साक्ष द्यायला आला तो माझा गोडबोल्या सोबती. बैठकीत मी चूक कबूल केली, वसंतापुढे नाही. आज जातो, उद्या जातो... नाव घेताना जिभेला हाड नव्हतं, माफी मागायची म्हटलं की तीच टाळूला चिकटायची.

तेरावं झाल्यावर शीवला त्याच्या घरी गेलो. खुंटीवर त्याचा कामावरचा खाकी शर्ट होता, बाह्या अजून दुमडलेल्या. वहिनींना मी प्रथमच पाहत होतो. दोन वर्षांचा संसार त्यांचा.

"तुम्हीच रघुनाथ भावजी ना? हे फार सांगायचे तुमच्याबद्दल. म्हणायचे, चळवळीत अडकलाय, वेळ मिळत नाही बिचाऱ्याला."

त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. माझं नाव त्यानं त्या घरात स्वच्छ ठेवलं होतं.

"हो वहिनी," मी म्हणालो, "वेळच मिळाला नाही." आणि चहा पिऊन उठलो.

वहिनी, वर्तमानपत्राची ही पुरवणी तुमच्याकडे येते, म्हणून इथं लिहितो आहे. त्या दिवशी मी खोटं बोललो. मला वेळ होता.