खातं ह्यांचं, उत्पन्न माझं

"आई, तुला इन्कम टॅक्सची नोटीस आलीय," मुलगा फोनवर म्हणाला. मी भोईवाड्यातल्या आमच्या खोलीत भाकरी थापत होते. हात पिठाचे, म्हणून फोन स्पीकरवर. बाहेर गॅलरीत शेजारीण केस वाळवत बसलेली. नोटीस हा शब्द तिच्या कानात गेला म्हणजे संध्याकाळपर्यंत माझ्या घरावर जप्ती आल्याचं सगळ्या चाळीला कळणार, हे ठरलेलं.

"नोटीस मला आली, मग तुला आधी कशी कळली?" मी विचारलं.

"पोर्टलवर माझा नंबर आहे ना."

माझं डोकंच फिरलं. परळच्या एका मोठ्या इस्पितळात उभा जन्म नोकरी केली मी. सिस्टर-इनचार्ज म्हणून रिटायर झाले. शिकाऊ डॉक्टर मला विचारल्याशिवाय वॉर्डातली खुर्ची हलवत नसत. आणि माझ्या नावाचा निरोप जगाला कळून मग मला! भाकरी तव्यावर करपली ती वेगळीच.

रविवारी तो ठाण्याहून आला. नोटीस वगैरे काही नव्हती, साधा मेसेज होता. तुम्ही दाखवलेलं उत्पन्न आणि आमच्याकडची माहिती जुळत नाही, तपासून बघा आणि चूक असेल तर डिसेंबर संपायच्या आत विवरणपत्र दुरुस्त करा, एवढंच. माझं विवरणपत्र दर जुलैला तोच भरायचा. माझ्या पेन्शनचा बँकेकडून आलेला कागद घ्यायचा, दहा मिनिटांत आकडे टाकायचे, झालं. पण आमच्या दुसऱ्या खात्यातलं व्याज त्यात कधी आलंच नव्हतं.

"तू सांगितलंच नाहीस," तो म्हणाला.

"तू विचारलंस?"

"ते बाबांचं खातं ना गं! मला वाटलं..."

तर हे 'बाबांचं खातं' काय ते सांगते. आमचे हे पालिकेत पाणीखात्यात होते. गेले, आणि त्यांच्या पेन्शनचा ठरावीक भाग मला सुरू झाला, विधवेला मिळतो तो. त्यासाठी बँकेत वेगळं खातं उघडलं. त्या खात्याला घरात आम्ही सगळे 'ह्यांचं खातं'च म्हणायचो. वर्षातून एकदा, कोकणातल्या आमच्या गावच्या जत्रेआधी, मी त्यातून पैसे काढून धाकट्या दिरांना पाठवायची. हे असेपर्यंत जत्रेला स्वतःचा हिस्सा कधी चुकवला नाही त्यांनी. अंगावरचा शर्ट विरला तरी चालेल, पण देवळात देवाला साकडं घालतात, त्या गाऱ्हाण्यात आपलं नाव आलं पाहिजे, असा माणूस. ते गेल्यावरही त्यांचा हिस्सा त्यांच्याच पैशातून जावा असं मला वाटे. बाकी त्या खात्याला मी हात लावला नाही. माझं माझ्या पेन्शनमध्ये भागत होतं. माझ्या पेन्शनवरचा कर मी इमानेइतबारे भरत होते. ह्यांच्या पैशाचा मी कशाला भरू? बँक त्यातून कधी छदाम कापत नव्हती, त्यामुळे मनात शंकासुद्धा आली नाही.

मुलगा मात्र खिशातून एक कागद काढूनच बसला. सगळी खाती त्याच्या नावाला जोडायची, सगळे व्यवहार तो बघणार, आणि मी ठाण्याला त्याच्याकडे राहायला जायचं. "आई, आता तुला हे जमत नाही. उद्या खरी नोटीस आली तर दंड किती बसेल, माहितीय? इथे एकटी राहून काय करणार आहेस तू? सही कर."

मनाने वाईट नाही हो तो. सूनही गुणाची. पण 'जमत नाही' हे शब्द असे झोंबले! माझी खोली, माझं कपाट, माझी किल्ली आणि माझी सही, एवढंच तर उरलं होतं माझ्या हातात. एका विसरलेल्या व्याजापायी तेही देऊन टाकू?

"वर्ष संपेपर्यंत थांब," मी म्हटलं. "हे सगळं मी निस्तरते. नाही निस्तरता आलं तर तुझ्या कागदावर सही करीन आणि मुकाट्याने पिशवी भरून ठाण्याला येईन."

"नक्की?"

"तुझ्या आईने शब्द फिरवलेला बघितलायस कधी?"

कागद त्याने माझ्या टेबलावर पाण्याच्या तांब्याखाली ठेवला आणि गेला. रोज पाणी पिताना तो मला दिसायचा.

दादरला स्टेशनजवळच्या एका गल्लीत कर सल्लागार बसतो. मुलाच्याच वयाचा, पण नम्र. मी माझ्या मैत्रिणीला बरोबर घेतलं. ती दादरचीच, इथल्या जुन्या ख्रिस्ती घराण्यातली. नर्सिंगला आम्ही एकत्र होतो. तोंडाची फटकळ आणि पोटात माया. मला म्हणते, "बाय, तू भांड, मी पिशव्या सांभाळते."

सल्लागाराने दोन्ही पासबुकं चाळली आणि दुसऱ्यावर बोट ठेवलं. "मावशी, व्याजाचं सोडा, ते किरकोळ आहे. हे दर महिन्याला जमा होतंय ते काय?"

"ह्यांचं पेन्शन."

"मग काकांना पण आणायचं ना."

"वारले ते."

बिचारा गडबडला. मग हळूच म्हणाला, "मग मावशी, हे उत्पन्न कुणाचं?"

मी पासबुक माझ्याकडे ओढून घेतलं. पासबुकावर नाव माझं, सही माझी. आणि एवढी वर्षं मी त्या खात्याची पाहुणी असल्यासारखी वागत होते.

त्याने समजावून सांगितलं. नवऱ्यामागे बायकोला मिळणारं पेन्शन हे बायकोचंच उत्पन्न. ते तिच्या स्वतःच्या पेन्शनसारखं पगाराच्या रकान्यात जात नाही, 'इतर उत्पन्न' म्हणून दाखवायचं. त्यातून एक तृतीयांश किंवा कायद्याने घातलेली मर्यादा, यातलं जे कमी असेल ते वजा होतं, उरलेल्यावर कर. बँक कापत नाही म्हणून कर लागत नाही, असं नसतं. हे ऐकून मला भयंकर राग आला. कोणावर ते कळेना, म्हणून मी पंख्याचा स्पीड वाढवायला सांगितला.

"या वर्षाचं सुधारित भरून टाकू," तो म्हणाला. "मागच्या वर्षांचं मात्र तुम्ही ठरवा. अपडेटेड भरता येतं, पण जादा कर पडतो. काही लोक म्हणतात, विचारलं तर बघू."

"मी त्या काही लोकांतली नाही," मी म्हटलं. "आमच्या वॉर्डात केसपेपरवर चुकीचं लिहिलं गेलं तर खाडाखोड चालत नसे. चुकीवर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला बरोबर लिहायचं आणि सही ठोकायची. चूक लपवणारीला मी रडवून सोडायची, चूक सुधारणारीला कधी ओरडले नाही. विचार हिला."

"मला रडवलंय हिने," मैत्रीण म्हणाली.

"मग रेघ मारायची आणि सही करायची. जेवढी वर्षं मागे जाता येतं तेवढी सगळी."

तो हसला आणि कामाला लागला. बँकेतून जुने उतारे आणायला मला दोन खेपा पडल्या. तिथल्या साहेबाने आधी ऑनलाइन काढा म्हणून हात झटकले. मी म्हटलं, बरं, तुम्ही जेवून या, मी इथेच बसलेय. जेवणाआधी उतारे हातात पडले.

शेवटी कर भरायची वेळ आली. कुठल्या खात्यातून, असं त्याने विचारलं. ह्यांच्या खात्यातून जत्रेखेरीज कधी पैसा हलला नव्हता. डोळे भरूनच आले माझे. लाज कसली त्यात! वाटलं, हे आपलं म्हटलं की ह्यांचं या जगात काही उरतच नाही.

मैत्रिणीने पिशव्या खाली ठेवल्या. "बाय, ऐक. त्याने मागे ठेवलं ते तुझ्यासाठी. देवासाठीच ठेवायचं असतं तर त्याने देवाला नॉमिनी केलं असतं."

सल्लागार खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवून हसला. मीही डोळे पुसता पुसता हसत सुटले. "त्याच खात्यातून," मी म्हटलं. "माझंच आहे ते."

सगळं भरून झालं आणि ओटीपी आला नाही. येणार कसा? तो ठाण्याला गेला असणार! माझा चेहरा पडला. पण सल्लागार म्हणाला, "पोर्टलवर मुलाचा नंबर असू दे, आधारला तुमचा आहे. तिथून मागवतो." आणि माझ्या पर्समध्ये टिंग झालं. चष्मा घरी राहिलेला, म्हणून मैत्रीण आकडे मोठ्याने वाचत होती आणि मी एका बोटाने दाबत होते. पडद्यावर हिरवी खूण आली. मी खुर्चीतून उठले आणि त्या पोराचा हातच हातात घेऊन हलवला. "आता तो मोबाईल नंबरही बदल," मी सांगितलं. "माझा टाक." खाली उतरून आम्ही दोघींनी मिसळ हाणली, वर पियूष. मैत्रीण म्हणाली, तिखट सोसत नाही आता. आणि अजून एक पाव मागवला.

पौषात गावची जत्रा आली. त्या दिवशी मुलगा माझ्याकडे जेवायला आला होता. मी सगळ्या वर्षांच्या पावत्या त्याच्यासमोर ठेवल्या. त्याने एकेक नीट वाचली. मग तांब्या उचलला, खालचा कागद घेतला, चार घड्या करून खिशात घातला. "पुढच्या वर्षी माझं पण तूच भर," म्हणाला.

"फी लागेल," मी म्हटलं.

तेवढ्यात गावाहून दिरांचा फोन आला. देवळातच होते ते, मागे ढोल वाजत होते. "वयनी, पैशे इले. दादाच्या नावान गाऱ्हाणां घालतंय."

"दादाच्या नको, भावजी. दादा माझ्या मनात आसत, थंयच ऱ्हवांदेत. पैशे माझे आसत. माझ्या नावान घाला."

मग दिरांनी फोन तसाच चालू ठेवला, आणि त्यांचा खणखणीत आवाज आला, "बा देवा म्हाराजा! मुंबयक ऱ्हवणाऱ्या आमच्या वयनीन आपल्या पेन्शनीतसून हिस्सो दिलेलो आसा, तो मान्य करून घे! तिची जी काय इडापिडा आसात ती दूर कर रे म्हाराजा!"

देवळातली सगळी माणसं एका सुरात म्हणाली, "व्हय म्हाराजा!" माझा ठाणेकर मुलगा, ज्याला मालवणी धड बोलता येत नाही, तोही म्हणाला. आणि मी अशी काही ओरडले, की गॅलरीतली शेजारीण केस तसेच सोडून दारात आली.

"काय झालं हो?" तिने विचारलं.

मी तिला आत बोलावलं आणि सगळं सांगितलं, पहिल्यापासून. म्हटलं, कळू दे संध्याकाळपर्यंत सगळ्या चाळीला.