चेनची पत्ती

मी फोनवर सांगितलेल्या वेळेला आमच्या घराण्यात तीननं गुणतात. मी "दहा मिनिटांत आलो" म्हटलं की अर्ध्या तासानं तवा ठेवायचा, हे लेकरांनासुद्धा पाठ. मला त्याचा राग नव्हता, उलट मिजास होती. माझ्याइतक्या सरळ चेहऱ्यानं थापा मारणारा माणूस डोणगावात पुन्हा जन्मायला सात पिढ्या लागतील, असं मी स्वतःच सांगत फिरायचो.

त्या वैशाखात मी दोन पराक्रम केले. एक म्हणजे, गाडीच्या विम्यासोबत रस्त्यातल्या मदतीची योजना घेतली. मोटारसायकल कुठंही बंद पडो, फोन केला की माणूस हजर. ही गोष्ट मी पानठेल्यावर इतक्यांदा सांगितली की शेवटी तिच्यात हेलिकॉप्टर आलं, आणि दुरुस्ती होईस्तोवर मालकाला प्यायला थंडगार ताकही आलं. दुसरा पराक्रम म्हणजे, रविवारी अंगणात बसून मी गाडीची चेन स्वतः बदलली. चेनची दोन टोकं जोडायला एक लॉक असतं आणि ते निसटू नये म्हणून वरून नखाएवढी पत्ती बसते. माय ती पत्ती ताटलीत धरून माझ्यासमोर बसली होती.

"एकदा मेकॅनिकले दाखवून आन," ती म्हणाली.

"माय, मेकॅनिक लोक माह्याकडे शिकाले येतात!"

मंगळवारी उजाडता उजाडता मोताळ्याहून मामेभावाचा फोन आला. मामा गेले. मायच्या पाठचा भाऊ तो, तिनं कडेवर घेऊन वाढवलेला. "बारा वाजेपर्यंत थांबतो, ऊन लय आहे," मामेभाऊ म्हणाला. "आत्याले तोंड पाहू दे. लवकर घेऊन ये."

माय एस.टी.नं जाऊ म्हणत होती. मी म्हणालो, एस.टी. मेहकरात झोप काढते, चिखलीत नाश्ता करते. तू बस मागं. माय बसली. रस्ताभर तिनं माझा खांदा गच्च धरला होता.

चिखली मागं पडली. बुलढाणा जवळ आलं, आणि साडेनऊला चेन सापासारखी सळसळत रस्त्यावर पडली. पत्ती गायब, लॉकही गायब. मी मदतीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडची मुलगी साखरेत घोळून बोलली, "सर, अर्ध्या तासात आपल्यापर्यंत पोहोचतील." तेवढ्यात मामेभावाचा फोन आला.

"कुठसा आले? माह्या दोस्ताची कार बुलढाण्यातच उभी आहे, पाठवू का समोर?"

"काऊन? घाट उतरून राह्यलो आम्ही!"

तोंडाची सवय ती. घाट बुलढाण्याच्या पलीकडे, आणि आम्ही अजून अलीकडेच बाभळीखाली उभे. माय माझ्याकडे बघत राहिली.

पंधरा मिनिटांनी कांद्याच्या गोण्या भरलेला एक पिकअप थांबला. ड्रायव्हर म्हणाला, "मायले बसवा ना पुढं. मोताळ्यालेच जाऊन राह्यलो."

मायनं पिशवी उचलली. "मले जाऊ दे याच्यासंग."

"अनोळखी माणसासंग कुठं जातं, माय? आपला मदतवाला निघाला ना तिकडून," मी म्हणालो. खरं कारण वेगळंच होतं. माय कांद्याच्या गाडीतून एकटी उतरली असती, तर घाट उतरणारा मी कुठं होतो, हे साऱ्या मोताळ्याला कळलं असतं. पिकअप गेला. मायनं पिशवी खाली ठेवली.

त्या मुलीचा अर्धा तास माझ्या अर्ध्या तासाचा बाप निघाला. माणूस आला तेव्हा अकरा वाजून गेले होते. हेलिकॉप्टर नव्हतं, जुनी स्कूटी होती. त्यानं डिकीतून नवं लॉक काढलं, पाच मिनिटांत बसवलं आणि विचारलं, "पत्ती कोनं बसवली होती? बंद टोक चेन पळते त्या अंगाले पाह्यजे. उलटी बसवली का उडतेच."

"गावातल्या मेकॅनिकनं," मी म्हणालो. ताटली धरणारी बाई माझ्या शेजारीच उभी होती.

मी मामेभावाला फोन केला आणि त्याच्याशी जन्मात पहिल्यांदा खरं बोललो. "गाडी बिघडली होती रे. आता निघालो. पाऊण तास."

"हाव, या," तो म्हणाला.

बाराला दहा कमी असताना आम्ही पोहोचलो. अंगण धुतलेलं होतं, दारात बायका बसल्या होत्या. कोणीतरी म्हणालं, "आत्ताच नेलं."

स्मशानात बाया जात नाहीत आमच्यात. माय गेली, आणि तिला अडवायची कोणाची छाती झाली नाही. अग्नी दिलेला होता. तोंडावर लाकडं रचलेली. बाहेर राहिले होते ते दोन तळपाय. माय त्यांच्याकडे बघत उभी राहिली, ते दिसेनासे होईपर्यंत. माझ्या खिशात फोन वाजला. मदत कशी वाटली, पाचपैकी किती तारे द्याल, असं विचारत होते.

मामेभाऊ जवळ आला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट. "तू पाऊण तास म्हनला. आम्ही सव्वादोन तास धरले, भाऊ. बाराच्या आत कुठले येतात म्हनलं. साडेअकराले उचललं."

संध्याकाळी अंगणात मोठ्या मामींनी विचारलं, "इतका उशीर काऊन झाला बाप्पा?" सगळे माझ्याकडे वळले. माझ्याकडे डझनभर गोष्टी तयार असायला हव्या होत्या. एकही सुचली नाही.

"घाटात ट्रक आडवा पडला होता," माय म्हणाली. "पोराचा काय दोष? लय धडपडला तो."

मायनं आयुष्यात कधी थाप मारली नव्हती, म्हणून कोणी कशानंही गुणलं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मामेभावानं तर, फोनवरचं माझं गाडी बिघडल्याचं थापेत जमा करून, माझ्या पाठीवर हात ठेवला. मोठ्या मामींनी माझ्यापुढं चहा ठेवला आणि मला तो प्यावा लागला.

तिसऱ्या दिवशी आम्ही निघालो. घाट मोकळा होता. माय मागं बसली होती. वळणावळणाला मी तिच्या हाताची वाट पाहिली. तिनं खांदा धरला नाही. मागचा लोखंडी कॅरिअर धरून ती डोणगावपर्यंत आली.