धाकट्या मामीचं जपान

गेल्या वर्षी गौरी आणायच्या आदल्या दिवशी, दुपारच्या एसटीने, माझी धाकटी मामी कर्जतहून जपानी होऊन परतली. ही बातमी घरी तिच्या आधी पोचली, कारण मामी फाट्यावर उतरून तिथेच उभी राहिली होती. भीमाशंकरच्या बाजूला डोंगरांवर ढग उतरले होते, आणि ढग उतरले की मामीला घरी जायचं आठवत नाही. जागेपणी स्वप्न बघण्यात तिचा हात धरील असं माणूस कळंबच्या आसपास दुसरं नाही. हे मी पडताळून सांगतो आहे. तिच्यासमोर दूध उतू जातं तेव्हा ती फेसाकडे बघत असते. एकदा चरायला नेलेली म्हैस वेळेवर परत आली आणि मामी आली नाही. मामा ओटीवरून म्हणाला, "म्हस शानी हाय, घरला आली. आता हिला आणाय कोन जातंय?" ती ओढ्याकाठी सापडली. पाण्यात आभाळ उलटं दिसत होतं आणि ते कुठल्या बाजूने सरळ होतं हे तिला बघायचं होतं.

जपानची सुरुवात भाकरीपासून झाली. शनिवार-रविवारी मामी कळंबजवळच्या एका रिसॉर्टवर चुलीपुढे बसून पाहुण्यांच्या देखत तांदळाच्या भाकऱ्या थापते. तिथे एकदा एक जपानी बाई आली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. बाईने परातीपाशी बसून आपला हात मामीच्या पिठाच्या हाताशेजारी ठेवला. तिच्या प्रत्येक नखावर एक चित्र होतं आणि करंगळीवर ढगाआडचा चंद्र. "येवढ्याशा नखावर आख्खं आभाळ व्हतं रं भाच्या," मामी मला पुढे कितीतरी वेळा म्हणाली. तव्यावरची भाकरी करपली. त्या बाईने ती आवडीने खाल्ली असं मामी सांगते. रिसॉर्टच्या आचाऱ्याने याला दुजोरा दिलेला नाही.

त्यानंतर मामी फोनवर जपानी केशरचना बघू लागली. एका हळदीला ती अंबाड्यात झाडूचा हीर खोचून गेली, कारण जपानी बायका काडी खोचतात. हीर धुतलेला होता, एवढं तिच्या बाजूने नमूद करायला हवं. मग तिने नखं वाढवली, तेव्हा तिने थापलेल्या भाकऱ्यांच्या कडेला बारीक चंद्रकोरी उमटू लागल्या. पाहुणे ती गावची रीत समजून फोटो काढायचे. कर्जतच्या पार्लरमधल्या मुलीने तिला चेरीच्या फुलांचं चित्र दाखवलं, तेव्हा मामी शांतपणे म्हणाली, "ही तर बांधावरची उंदीरमारी." माघात बांधाबांधावर फुलणारी उंदीरमारी गुलाबी असते हे खरं आहे. फोटो शेजारी ठेवून बघितले तर फरक सांगायला वेळ लागतो.

तर त्या दुपारी मामीच्या दहाही नखांवर उंदीरमारी फुलली होती. पुढचे केस भुवयांच्या रेषेत सरळ कापलेले होते, गालांवर दोन बटा गालाएवढ्याच, आणि मागे नेहमीची वेणी. मामाने पुढून-मागून बघितलं आणि म्हणाला, "फुडून जपान, मागून कळंब." सगळे हसले. थोरल्या मामी हसल्या नाहीत. घरात त्यांचा शब्द चालतो.

"असली नखं घेऊन गौरीला हात लावायचा नाय," त्या म्हणाल्या.

लग्न होऊन आल्यापासून गौर धाकटी मामीच नेसवत आली होती. तेरड्याच्या जुडीला साडी नेसवायची, मुखवटा बसवायचा, गंगावन लावायचं आणि ती जुडी नाही, कोणीतरी पाहुणी आली आहे असं वाटायला लावायचं, हे काम त्या घरात दुसऱ्या कोणाला येत नाही. वर्षभर हरवलेली मामी त्या एका दिवशी पूर्ण हजर असते.

तिने वाद घातला नाही. मागच्या दारी बसून तिने नखांना रॉकेल लावलं, लिंबू चोळलं. रंग हलला नाही. पार्लरला फोन केला, तर मामीचं काम उरकून मुलगी गौरीसाठी गावी निघून गेलेली. मग तिने विळ्याच्या टोकाने अंगठ्याचं नख खरवडलं. फूल गेलं, थोडी कातडीही गेली. उरलेली नऊ फुलं तशीच ठेवून ती पायरीवर बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी गौर आली. थोरल्या मामी नेसवायला बसल्या. निऱ्या तीनदा सुटल्या. गौर एका अंगाला कलली.

"वयनी, गौर खोपोलीला निगाली," मामा म्हणाला.

"तू गप रं."

धाकटी मामी दारात उभी होती. थोरल्या मामींच्या हातांकडे बघत होती. सणाच्या आधी तेरड्याची फुलं वाटून नखांवर बांधायची त्या घरातली जुनी चाल आहे. थोरल्या मामींची नखं लालभडक होती.

"तुमची बी रंगलीत की जाऊबाई," मामी हळू म्हणाली. "तुमचा तेरडा, माजी उंदीरमारी. दोनी फुलंच."

थोरल्या मामींनी आपली नखं बघितली. मग तिचा अंगठा बघितला.

"ह्ये काय करून घेतलंस गं?"

"निगत नव्हतं."

थोरल्या मामी जरा बाजूला सरकल्या.

"बस हितं," थोरल्या मामी म्हणाल्या. "निऱ्या तू घाल. मी धरते."

संध्याकाळी गौर सरळ उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुपं घेऊन गौर ओवसायला आलेल्या बायकांच्या लक्षात आलं की गौरीच्या गंगावनाचे पुढचे केस भुवयांच्या रेषेत सरळ कापलेले आहेत आणि गालांवर दोन बटा आहेत. धाकटी मामी म्हणाली, मी नाही. थोरल्या मामी म्हणाल्या, मला काय ठावं. घरातली एकुलती एक कात्री थोरल्या मामींच्या शिवणाच्या डब्यात असते आणि डब्याला कुलूप असतं. कोणी कापले, याची खात्री होऊ शकली नाही. बायकांनी गौरीकडे जरा जास्त वेळ बघितलं, इतकंच.

यंदा मी पुन्हा गेलो. मामीच्या कपाळावरचे केस वाढून वेणीत गेले आहेत. नखं साधी आहेत, अंगठ्याचं जरा वाकडं उगवलं आहे. ती जपानी बाई परत आलेली नाही. मामी शनिवारी भाकरी थापताना अधूनमधून फाटकाकडे बघते आणि एखादी भाकरी करपते. गंगावनाचे केस वाढत नाहीत. यंदाही गौर आली, धाकट्या मामीने नेसवली, थोरल्या मामींनी धरली. कपाळावर तीच सरळ झालर होती.