धनेशने अडवून ठेवलेला गॅस

धनेशला दोन मुली होत्या, हे मारुतीकाकांना तो गेल्यावर कळलं. नऊ वर्षं तो आठवड्यातून एकदा तरी त्यांच्यासमोर उभा राहायचा आणि एवढंही त्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्यांना ठाऊक होतं ते इतकंच, की धनेश घोडबंदर रोडच्या टॉवरांतले एसी दुरुस्त करतो, त्याच्या घरचे मिठागरात राबलेले आहेत आणि तो एसीतला जुना गॅस हवेत सोडत नाही.

मारुतीकाका टेंभी नाक्याजवळ पोपटशेठच्या एसीच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर बसत. बाकीचे मेकॅनिक जुना एसी उतरवताना नळीचा नट सैल करत. दोन मिनिटांत गॅस मोकळा. धनेश मात्र मशीन लावून तो सिलिंडरमध्ये खेचून घ्यायचा. पाऊण तास जायचा. गिऱ्हाईक कुरकुरायचं.

"काय ओझोनवाले, आज आभाळाला किती टाके घातले?" दुकानात कोणीतरी चिडवायचं.

"तुझं घर सोडून सगळीकडे घातले," धनेश म्हणायचा.

एकदा काकांनी कारण विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "ट्रेनिंगला सर बोललेले. हा बावीस नंबरचा गॅस वर जाऊन ओझोन खातो. मग ऊन गाळून येत नाय. मोतीबिंदू होतो, कातडीला कॅन्सर होतो. मॉन्ट्रियलला सगळ्या देशांनी करार केला, गॅस कमी केले, म्हणून वरचं भोक आता हळूहळू भरतंय. माझ्या आयचं डोलं मिठाच्या चकाकीनं गेलं, काका. ते काय गॅसनं नाय गेलं. पण डोलं जाणं म्हंजे काय, ते मी घरात बघितलंय."

दुकानातली पद्धत ठरलेली होती. धनेश भरलेला सिलिंडर ठेवायचा, काका त्यावर नाव, तारीख, वजन लिहून चिठ्ठी चिकटवायचे आणि बदल्यात त्याला रिकामा सिलिंडर द्यायचे. दर तीन महिन्यांनी रात्री, दुकान बंद झाल्यावर गाडी येते, सगळे गोळा करते आणि गॅस कारखान्यात नष्ट केला जातो, असं पोपटशेठनी सांगितलं होतं.

गेल्या मे महिन्यात एका सोमवारी धनेशने सिलिंडर ठेवला. गुरुवारी तो दुसरा घेऊन आला. दुकानात गर्दी होती. काकांनी मागून एक रिकामा आणून न बघताच त्याच्या हातात दिला. धनेशने बघितलं. त्यावर काकांच्या अक्षरातली चिठ्ठी होती, सोमवारची.

"काका, गाडी येऊन गेली?"

"नाही रे, जूनमध्ये येईल."

"मग हा रिकामा कसा?"

पोपटशेठ आतून बाहेर आले. "अरे, कसली गाडी? ती कधी आलीच नाही. एवढे सिलिंडर ठेवायला जागा आहे का माझ्याकडे? मागच्या गल्लीत सोडून देतो. ना रंग ना वास, कोणाला कळतंय?"

"नऊ वर्षं?"

"तुझं समाधान होत होतं ना? आणि आमच्याकडे गॅस जमा होतो म्हटलं की सोसायटीवाल्यांनापण बरं वाटतं."

धनेश भांडला नाही. तो काकांकडे वळला. "तुम्हाला म्हाइत होतं?"

मागच्या गल्लीतून येणारा लांबलचक फुस्कारा काकांनी कितीतरी दुपारी ऐकला होता. एकदा विचारलं, तेव्हा शेठ ‘टेस्टिंग’ म्हणाले होते. सत्तरीच्या माणसाला बसायला दुसरी जागा नव्हती; काकांनी पुन्हा विचारलं नव्हतं.

"नाही," काका म्हणाले.

"मी तुमचं अक्षर बघून विश्वास ठेवलेला," धनेश म्हणाला आणि आणलेला भरलेला सिलिंडर खांद्यावर टाकून परत घेऊन गेला.

यंदा फेब्रुवारीत तो हार्ट अटॅकने गेला. काका दहाव्याला गेले, तेव्हा त्याच्या बायकोने, दर्शनाने, जिन्याखाली रचलेले अकरा सिलिंडर दाखवले. "खरोखर घेणारे कुठेतरी असतील, म्हणायचे. पत्ता शोधत होते. आता मी हे कोणाला देऊ, काका?"

काकांनी वाकून एका सिलिंडरवरची धूळ पुसली.

"जानेवारीत तुमच्याकडे आलेले ना? काय बोलले?"

आला होता. शेठ दुकानात नव्हते. त्या फुस्काऱ्याचं आज सांगून टाकावं, असं काकांच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"पंचेचाळीसचा कपॅसिटर आहे?" धनेशने विचारलं.

"आहे. पिशवी देऊ?"

"नको, गाडीला डिकी आहे."